नेझिहेच्या चहाचं पाणी

बायको नेझिहे वारून सदतीस दिवस झाले होते आणि रुकनेत्तिनला एकदाही धड चहा मिळाला नव्हता. पत्ती तीच, किटली तीच, पण पेला तोंडाला लावला की मन नको म्हणायचं. चाळिसाव्या दिवसाच्या दुआला तिच्या बहिणी येणार. त्यांच्यापुढे असला चहा ठेवायची त्याला लाज वाटत होती.

चूक पाण्याची, याबद्दल त्याला शंका नव्हती. चाळीस वर्षं त्यानं इस्तंबूलच्या या उस्कुदार भागात घरोघरी नळ जोडले होते. एका घोटात पाइप शिशाचा की लोखंडाचा ते ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. निदान तो स्वतः तरी तसं सगळ्यांना सांगायचा. नेझिहे दर शुक्रवारी एका जुन्या पाणपोईवरून चहापुरतं पाणी आणायची. कुठल्या, ते त्यानं कधी विचारलं नाही. ‘जिच्यावर ट्यूलिप कोरलेत ती,’ एवढंच त्याच्या कानावर होतं. आणि उस्कुदारमध्ये ट्यूलिप नसलेली पाणपोईच सापडणं मुश्कील.

सकाळी तिचा कॅन घेऊन तो निघाला. सोबत शेजारचा वेदात. वेदात म्हणजे दुकान बंद केलेला न्हावी. हात थांबले होते, तोंड चालू होतं. रुकनेत्तिनला तो ‘उस्ता’, म्हणजे उस्ताद, म्हणायचा.

पहिल्या पाणपोईच्या कुंडीत मांजर व्यायली होती. दुसरीच्या तोटीला कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकायला टांगली होती. तिसरीला पाणी होतं. रुकनेत्तिननं घोट घेतला आणि थुंकून टाकला.

“लोखंड. तेही गंजलेलं.”

वेदात मात्र प्रत्येक पाणपोईपुढे हात पसरून, बांधणाऱ्याच्या नावानं फातिहाची प्रार्थना म्हणत उभा राहायचा. पाणी प्यायल्यावर ती म्हणायची रीतच आहे.

“अरे, थेंब नाही प्यायलास, मग फातिहा कशाची?” चौथ्या ठिकाणी रुकनेत्तिन वैतागला.

“त्यानं बांधली ना, उस्ता? पाणी आटलं त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?”

“नाव तरी वाचता येतंय का?”

“जुनी अरबी लिपी मला नाही येत. वरच्याला येते.”

“मग सगळ्यांची मिळून एकदाच म्हण. नाहीतर दुपार होईल.”

“तुझ्या मयतीलाही अशीच घाऊक म्हणू का?”

सहावी पाणपोई एका चढाच्या गल्लीत होती. संगमरवरात ट्यूलिप, फुलदाण्या, परातभर नासपती. तोटीच्या जागी नुसतं भोक, त्यात चिमणीचं घरटं. वेदातनं हात पसरले. रुकनेत्तिन तिथंच पायरीवर बसला.

समोरच्या शिवणाच्या दुकानातून एक बाई बाहेर आली. तिनं आधी कॅनच्या मुठीला शिवलेलं लाल कापड पाहिलं, मग त्याला.

“तुम्ही रुकनेत्तिनभाऊ. ते कापड माझंच. मी पेरिहान. आत या.”

आत तिनं त्याला स्टुलावर बसवलं.

“नेझिहे इथं पाणी भरायची?” त्यानं विचारलं.

“भरायची. ही पाणपोई आटून अकरा वर्षं झाली.”

“मग?”

पेरिहाननं शिलाई मशीनमागच्या नळाकडे बोट दाखवलं. रुकनेत्तिननं नळ पाहिला. तो त्यानंच बसवला असता तर यापेक्षा नीट बसवला असता.

“पाणी आटलं त्या शुक्रवारी तिनं घाबरत घाबरत हेच नेलं. तुम्ही घोट घेतलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, नळाच्या पाण्याला ही सर येणार नाही. पुढच्या शुक्रवारी ती आली ती हसत हसत या कापडाच्या गठ्ठ्यावर आडवीच झाली. मग काय सांगणार तुम्हाला? आणि सांगितलं असतं तर तिला दोन तास इथं गप्पांना येता आलं नसतं.”

“आणि चव?”

“ती पत्तीबरोबर एक लवंग टाकायची. एवढंच.”

तिनं किटली ठेवली. पेला आला. रुकनेत्तिननं घोट घेतला. तीच चव. त्यानं पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. पेरिहान शिवत राहिली.

फातिहा आटोपून वेदात आत आला.

“चहा? मला नाही का, उस्ता? मिळालं का ते पाणी?”

“मिळालं,” रुकनेत्तिन म्हणाला. “पाणपोईचंच आहे. मागून झरा येतो. दगडी पाट आहे, पाइपच नाही. मी एका घोटात ओळखलं.”

हसू लपवायला पेरिहाननं घाईघाईनं तोंड मशीनकडे वळवलं.