गयेत सोडलेला आंबा

आमच्या ह्यांना सांगून जायची सवयच नाही. लग्नघर असो, बाजार असो, माणूस आत्ता शेजारी उभा असतो आणि आत्ता गायब. लोकांचे नवरे बायकोमागे पिशवी धरून चालतात. माझ्या नशिबात पिशवी धरून नवरा शोधणं आलं. बरं, सापडल्यावर तोंडावर भाव असा की हरवली मीच.

त्या रविवारीही तेच. बेसा गावाच्या पुढं नवी फळबाग निघाली आहे, तिथं आंब्याच्या चिक्कार जाती चाखायला ठेवतात, आपण सगळे जाऊ, असं सूनबाईच्या, धनश्रीच्या मनात आलं. मी म्हटलं, "वं बाई, मले आनं तुह्या सासऱ्याले आंबा चालत नाही. तुमी जा."

"आई, तुमी सावलीत बसजा. घरी तरी काय करता?"

घरी काय करता म्हणे. सक्करदऱ्याचं ते घर कोण आवरतं, तर भुतं आवरतात. पण गेले मी.

आंबा चालत नाही म्हणजे साखरेची बिमारी नाही. आम्ही दोघांनी तो गयेत सोडला होता. सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी पिंड द्यायला गेलो. अक्षयवटाखाली पंडा म्हणाला, एक फळ जन्मभरासाठी सोडा, जे सगळ्यात प्यारं असेल तेच सोडा. लोक लय चलाख. कोणी कवठ सोडून मोकळं, कोणी बोर. मी उमरेडच्या विणकराची लेक, मला ही बनवाबनवी जमत नाही. मी मोठ्यानं म्हटलं, आंबा. सगळ्या रांगेनं ऐकलं. ह्यांचे नुसते ओठ हलले. मी विचारलं, "तुमीबी आंबाच ना?" ह्यांनी मान हलवली.

तेव्हापासून बारा उन्हाळे माझ्या घरात रस झाला नाही. मुलगा कुशल आणि धनश्री बाहेर खाऊन येत. शेजारच्या घरातून रसाचा वास आला की मी खिडकी लावून घ्यायची, ह्यांना त्रास नको म्हणून. मला स्वतःला फार आठवण आली की मी ह्यांच्या तोंडाकडे पाहायची. वाटायचं, आपण एकट्या थोड्याच आहोत, हाही माणूस सोसतोच आहे ना. त्यावर माझे उन्हाळे निघाले. मोहल्ल्यात आमचं नाव होतं. नवीन सुनांना सांगत, नेम पाळावा तर मैनाबाई आणि जागेश्वररावांसारखा.

तर त्या बागेत मी सिमेंटच्या बाकावर बसले. समोर मोठा मांडव, टेबलांवर जाळीखाली चिरलेल्या फोडी, प्रत्येकीपुढं नावाची चिठ्ठी. दशहरी, लंगडा, बैगनफल्ली, केसर. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मी पदर नाकाला लावला आणि शेजारी पाहिलं तर हे नाहीत.

मला वाईट वाटलं. म्हटलं, सोसवलं नसेल, बिचारे नळावर तोंड धुवायला गेले असतील. नळावर नाहीत. फाटकाशी नाहीत. मांडवाच्या पार शेवटच्या टेबलापाशी एक म्हातारा पाठमोरा उभा होता, हातात काडी, काडीवर फोड. सदरा माझ्या हातचा धुतलेला.

टेबलामागचा माणूस त्यांना म्हणत होता, "काकाजी, ही मल्लिका. मागच्या रविवारच्या लंगड्यापेक्षा कशी?"

हे डोळे मिटून चावत होते. मागावर होते तेव्हा सूत पारखायचे त्या आवाजात म्हणाले, "गोड हाय. पण वास कमी."

ज्या बाईचं तोंड बंद व्हावं म्हणून सासरच्यांनी नवस केले असतील, तिचं तोंड एका फोडीनं बंद झालं. मी सरळ टेबलापाशी गेले. पहिल्यांदा मनात आल्या त्या सासूबाई. त्यांच्या नावानं सोडलेलं फळ.

"अवो, थुका ते," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि गिळलं.

टेबलवाल्याला काय माहीत. तो म्हणाला, "काकू, तुमीबी घ्या ना. काकाजी त आमचे पक्के गिऱ्हाईक. ते आनं मिशीवाले काका, दर रविवारी येतेत."

मिशीवाला म्हणजे ह्यांचा दोस्त रुपराव. दर रविवारी त्याचे गुडघे दुखतात आणि आमचे हे त्याला फिरवायला नेतात.

मी ह्यांना बाजूला घेतलं. "गयेत सोडलेला आंबा खाऊन राहिले तुमी?"

"मी आंबा नाही सोडला."

"मंग?"

"सफरचंद."

मागच्या साली हे रामदासपेठेत दवाखान्यात भरती होते, तेव्हा मी सफरचंद चिरून पुढं करायची आणि हे भिंतीकडे तोंड करायचे. नर्सबाईसमोर मी काय काय बोलले होते. नखरे म्हटलं होतं.

"दवाखान्यात म्हून तोंड फिरवत होते?"

"मायच्या नावानं सोडलेलं. कसं खाऊ?"

"पण मी विचारलं तवा मान हलवली ना तुमी."

"आडवी हलवली होती, कुशलची माय. तू तवरिक मांगं वळून त्या बायकायले सांगून राहिली होती, आमी दोघायनं आंबा सोडला."

"घरी येऊन काहून नाही सांगतलं?"

"घरी कुठं आलो? गाडीतच साऱ्या डब्याले माहीत झालं. चार दिवसांत मोहल्ल्याले. मी तुले खोटं पाडू काय?"

"बारा वर्षं?"

ह्यांनी काडीकडे पाहिलं. "पहिल्या वर्षी सांगणार होतो. मंग राहून गेलं."

राहून गेलं. जसं काही नळाचा वायसर बदलायचा राहिला होता.

मी विचारलं, "ही बाग त आत्ता निघाली. आंदी कुठं खात होते?"

उत्तर मला समजलं होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"रुपरावच्या घरी. वयनी करतेत रस."

म्हणजे ती बाई संक्रांतीला माझ्याकडून वाण घेऊन जायची, नेमाचं कौतुक करायची, आणि जेठात माझ्या नवऱ्याला वाटीवर वाटी वाढायची. मी खिडकी कोणासाठी लावत होते?

"तिच्या हातचा रस," मी म्हटलं.

"पातळ असते," हे म्हणाले. त्यांना वाटलं असेल, तेवढ्यानं मला गार वाटेल.

तेवढ्यात धनश्री फोडींची बशी घेऊन आली. सासऱ्यांच्या हनुवटीवरचा रस पाहिला, माझं तोंड पाहिलं, आणि आल्या पावली वळली. शहाणी आहे.

मला रडू आलं नाही. राग यायलाही जागा नव्हती. ज्या माणसाच्या आधारानं मी एवढे उन्हाळे काढले, तो त्या उन्हाळ्यांत माझ्यासोबत नव्हताच. तिकडं होता, पातळ रसापाशी. आणि तरी दवाखान्यात उपाशी राहिला, पण सफरचंदाला शिवला नाही. अशा माणसाला खोटा म्हणावं की खरा, मला कळेना. समोर मल्लिकेच्या फोडी होत्या. टेबलवाल्यानं एक काडी माझ्यापुढं धरली. मी हातानंच नको म्हटलं.

मग मी पदर खोचला आणि मांडवातल्या लोकांना ऐकू जाईल एवढ्यानं ह्यांना म्हटलं, "तुमी मायशी इमान राखलं, बायकोशी नाही. माह्यं सोडलेलं मी सोडलेलंच ठेवीन, ते तुमच्यासाठी नव्हतं. पण उद्यापासून रस आपल्या घरी होईन, मी करीन. मले चाखता येत नाही, तवा माह्यासमोर बसून एकेका घासाले तो कसा लागते, ते तुमी मले सांगायचं. पोट भरलं तरी उठायचं नाही."