डीटीआर खाली

०६:४१:०२ वायू आढळला
०६:४१:०४ कॉल लावला
०६:४१:०९

गॅस गळला की फोन लावणारी पेटी येलवालच्या शीतगृहातून परत आली, तिच्यात एवढीच नोंद होती. अमोनिया गळला, मंजुनाथ आत होता, तो गेला. पेटीचा कॉल उचलला नाही म्हणून सुपरवायझर कमलाक्षीला कामावरून थांबवलं. ती सांगत होती, अनोळखी नंबरची एकच रिंग आली, उलट लावला तर कोणी उचललं नाही. ऐकतो कोण?

वर

हेब्बाळच्या वर्कशॉपमध्ये ती बनवणाऱ्या प्रद्युम्नानं पेटी उघडली. एक बोर्ड, एक मोडेम, मध्ये बारीक तारा. त्यातली एक डीटीआर. बोर्ड शुद्धीवर आहे तोवर ती वर, म्हणजे तिच्यात वीज. ती खाली गेली की मोडेम समजतो, बोलणारा गेला, आणि कॉल तोडतो.

टेस्टच्या केबलवर ही तार त्यानंच लाल वायरनं कायमची वर बांधली होती. टेस्ट करताना बोर्ड सारखा रीसेट व्हायचा, कॉल तुटायचा, वैताग यायचा. तीस पेट्या त्या केबलवर पास झाल्या. पेट्या गेल्या, लाल वायर इथंच राहिली.

खाली

त्यानं केबल काढली. शीतगृहात गॅस सुटला की मोठा पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून इथलाही पंखा त्याच लायनीवर जोडला आणि सेन्सरसमोर अमोनियाची बाटली धरली. कॉल लागला. पंखा गरगरला, व्होल्टेज बसलं, बोर्ड दोन सेकंद मेला. डीटीआर खाली, कॉल तुटला. बोर्ड उठला, नोंद बघितली: कॉल लावून झालाय. गप्प बसला.

मागं मालक फत्तेसिंगराव उभे होते. "कॉल गेला की नाही?"

"गेला, मामा. पोचला नाही."

"मग गेला एवढंच लिही. सुम्ने गप बैस. कुणाचं मढं आपल्या दारात आणतोस?"

वाजतंय

पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. बाहेरून कॉल. पेटीतला नंबर बदलायचा राहूनच गेला होता. आत्ताची रिंग कुवेंपुनगरात कमलाक्षीकडे गेली होती आणि ती उलट फोन करत होती. पेटीला कान नाही, तोंड नाही. दिवा विझला, परत लागला.

"सिम काढ त्यातलं."

प्रद्युम्नानं स्वतःच्या मोबाइलवरून तिचा नंबर लावला. एंगेज. ती पेटीलाच लावत होती. दिवा विझला, तेवढ्या फटीत त्यानं पुन्हा लावला.

तिनं लगेच उचलला.

"म्याडम, मी पेटी बनवणारा. हेब्बाळहून."

"परत एकच रिंग आली, सर," ती कन्नडात म्हणाली.

"मशीननं तोडला. त्या दिवशीही. चूक माझी. लिहून देतो."

फत्तेसिंगराव बाहेर गेले.

"म्हणजे मला कळलं असतं," ती म्हणाली. "मंजूला बाहेर ओढायला चार मिनिटं होती."

"होती."

तिनं फोन ठेवला नाही. त्यानंही नाही. समोरच्या भिंतीवर तशीच पेटी नेलेल्या उरलेल्या एकोणतीस गिऱ्हाइकांची यादी होती. फोन कानाला तसाच धरून तो पहिला नंबर वाचू लागला.