ओल्या पोत्याचा मार

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी जीभ धानाच्या गिरणीत घाला!

रत्नाबाईनं खाटेखालचं लघवीचं भांडं ओढलं आणि तिचा हात थबकला. आत चुळकाभरच होतं, पण इतकं काळं, की खिडकीतला कावळा त्यापुढे गोरा दिसला असता.

साल चौऱ्याऐंशी. दवाखाना लाखांदूरकडचा, नाव नाही सांगत. रत्नाबाई तिथली आया. अठरा वर्षं लोकांची भांडी उपसत होती.

खाटेवर दिघोरीकडचा सेवकराम होता. तलावाचा पाट फोडून त्यानं आपल्या धानात पाणी घेतलं, असा आळ आला. तलावाचं पाणी गावचा मालक मारोतराव याच्या ताब्यात. त्याच्या चौघा गड्यांनी सेवकरामला बांधावर पालथं पाडलं, काठ्यांना ओली पोती गुंडाळली आणि उन्हं माथ्यावर येईस्तोवर मांड्या न् पोटऱ्या कुटल्या. ओल्या पोत्यानं हाड मोडत नाही, कातडं फाटत नाही. आत मांसाचा मात्र चिखल होतो. मग मारोतरावानंच बैलबंडीत घालून त्याला आणलं. "मोहाच्या झाडावरून पडला जी!"

"मुका मार आहे," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, याची लघवी पाहा न जी."

"मुतखडा असेल."

"मुतखडा नाही जी. माह्या नवऱ्यानं मले ओल्या दोरानं कुटलं होतं, तवा असंच उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी मोकळं झालं म्हनून मी वाचली."

सेवकरामचं मोकळं झालं नाही. दोन दिवस भांडं कोरडं. तोंड सुजलं, उलट्या झाल्या, उचकी थांबेना. शेवटी रत्नाबाईनंच जपून ठेवलेली ती लघवी काचेच्या नळीत घेतली आणि डॉक्टरांसमोर स्पिरिटच्या दिव्यावर धरली. फाटलेल्या दुधासारखा चोथा झाला. डॉक्टरांनी नळी घेऊन उजेडात धरली.

"किडनी बसली याची. पिचलेलं मांस रक्तात उतरून तिथं अडकलंय. नागपूरला रक्त धुण्याची मशीन आहे. आजच न्यायला हवं."

तेवढ्यात मारोतराव माणसं घेऊन आला. "कायचं नागपूर! घरी नेतो, हळद लावतो."

"याले लघवी होऊन नाही राहिली, मालक!" सेवकरामची बायको रुखमा रडत म्हणाली.

"पानी चोरलं यानं, अन् आता थेंबही देत नाही काय?" माणसं खिदळली. डॉक्टर खाटेपासून दूर सरकले.

मारोतरावानं सेवकरामचा पाय धरून ओढला. पायावर बोटांचे खळगे पडले, ते तसेच राहिले. रत्नाबाईनं लोखंडी भांडं उचललं आणि मारोतरावाच्या थोबाडावर हाणलं. दोन दात खिडकीबाहेर गेले. कोंबडीनं मका समजून गिळले. त्याच्या एका माणसाची काठी तिच्या मनगटावर बसली. कटकन मोडलं. ती सेवकरामच्या अंगावर आडवी पडली.

"आता मले कुटा! ओलं पोतं आनलं का रे, का घरी विसरले?"

कुणी काठी उचलली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, रस्त्यावर जाऊन धानाचा ट्रक अडवला. सेवकरामला पोत्यांवर निजवलं. रुखमा उशाशी बसली.

वीस दिवसांनी रुखमा धावतच दवाखान्यात आली. "मुतला वो बाई! माहा मानूस मुतला! पान्यासारखं साफ!" रत्नाबाईनं प्लास्टरातल्या हातानंच तिला कवेत घेतलं. दोघी इतक्या हसल्या, की पेशंट उठून बसले.

तर सगळं खरं. हे शेवटचं, वीस दिवसांनंतरचं, तेवढं माझ्या मनचं. नागपूर दूर होतं. वाटेतच, शहापूरजवळ उचकी थांबली. रुखमानं पदर फाडून त्याच्या तोंडावर टाकला, आणि ट्रकवाल्यानं काही न विचारता गाडी माघारी वळवली.