वस्तीतली एकुलती एक खुर्ची

सातव्या घरात मी ती ओळखली. हिरवी, प्लॅस्टिकची, मागचा एक पाय तारेनं आवळलेला. पहिल्या घरातही मी हिच्यावरच बसले होते. एका घरची माहिती लिहून मी पुढच्या दारात पोचेपर्यंत खुर्ची मागच्या बोळातून माझ्या आधी तिथे हजर व्हायची. घाईनं पुसलेली, कधी तर अजून ओली.

मला हसू आलं आणि भरूनही आलं. 'घरात खुर्ची आहे का?' या प्रश्नापुढे मी 'आहे' अशी खूण केली. पाहणीला पाठवताना आम्हाला बजावलं होतं, दिसेल ते लिहा, आपलं डोकं चालवू नका. दोन दिवसांत बासष्ट घरं झाली. बासष्ट खुर्च्या.

ही वस्ती भंगार निवडून जगते. बायका दिवसभर ढिगापाशी बसतात. तिथे काचा, गंजके पत्रे, सुया, म्हणून लेकरं घरीच ठेवतात. तिसऱ्या घरात दीड वर्षाची एक मुलगी होती. कमरेला जुन्या चादरीची पट्टी, दुसरं टोक खांबाला. मी काही विचारायच्या आतच तिची आई म्हणाली, "गाठ सैल आहे हो ताई, काचत नाही तिला."

माझी लेक अकरा महिन्यांची. त्या वेळी ती सासूबाईंच्या मांडीवर झोपली असणार. त्या गाठीबद्दल लिहायला मी फॉर्म उलटसुलट केला. रकानाच नव्हता.

पाहणी होती ती पाळणाघरांसाठी. सरासरी दहा गुणांच्या आत असेल ती वस्ती गरीब, तिला पाळणाघर. कोणत्या उत्तराला किती गुण, हे आम्हाला सांगितलेलं नव्हतं. महिन्याभरानं यादी लागली तेव्हा कळलं. खुर्चीला एक गुण. वस्तीची सरासरी दहा पूर्णांक चार. यादीत वस्तीचं नाव नव्हतं.

मी तशीच साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक म्हणाला, "खुर्चीपायी माणसं बुडालेली या ऑफिसात ढीग पाहिली. वस्ती बुडालेली पहिल्यांदाच ऐकतोय."

साहेब हसले नाहीत. "लेखी द्या," म्हणाले. "नोंद चुकीची होती, तुमच्या हातून झाली, असं. आणि घरोघरच्या सह्या आणा, खुर्ची आमची नाही म्हणून. मग मी वर पाठवतो." मग म्हणाले, "तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना? विचार करा. घरी लहान मूल आहे तुम्हाला."

विचार मी बसमध्ये केला, लेकीला पाजताना केला, तिच्या दुपट्यांच्या घड्या घालताना केला. दर वेळी ती चादरीची पट्टी आड यायची.

खुर्ची होती वस्तीतल्या म्हातारीची. कुणी कुठला ढीग निवडायचा ते ती ठरवते, म्हणून सगळ्या तिला मुकादमीण म्हणतात. मी कागद पुढे केला. तिनं शेजारणीकडून वाचून घेतला आणि माझ्याकडे वळली.

"म्हणजे आम्ही उसनी अब्रू मिरवली, असं सरकारदरबारी लिहून द्यायचं?"

"तसं नाही मावशी..."

"तसंच आहे. अगं, लेकुरवाळी बाई उन्हातून दारात आली. तिला मातीत बसवायचं होतं का?"

मी म्हणाले, "चूक माझी आहे. सातव्या घरातच मला कळलं होतं. गोड वाटलं म्हणून गप्प बसले. वरच्या कागदावर मी तसंच लिहिलंय."

"मग तुला काढतील की."

"काढतील कदाचित."

भोवती बायका जमल्या होत्या. त्या दीड वर्षाच्या मुलीची आई मागे उभी होती. ती पुढे आली. "माझा अंगठा आधी घ्या."

मुकादमीण तिच्यावर खेकसली, "खुर्ची कुणाची? तुझी का माझी? हो बाजूला." आणि पहिला अंगठा तिनं उठवला. मग शाईचा हात पदराला न पुसता तसाच धरून बसली, सगळ्यांचं होईपर्यंत.

कागद वर गेला. चार महिने काहीच हाललं नाही. माझ्या कंत्राटाला तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, मग आणखी तीन, आणि फायलीत एक ताशेरा. साहेबांनी माझ्याकडून दोनदा टिपण लिहून घेतलं, तिसऱ्यांदा बैठकीत वाचायला लावलं. अखेर नवा फॉर्म आला. नुसत्या आमच्या भागाचा नव्हे, सगळीकडचा. खुर्चीचा प्रश्न गेला होता. त्या जागी होतं, 'आई कामावर असताना मूल कुणाजवळ असतं?' टिपणातलं माझंच वाक्य होतं ते.

वस्तीत फेरपाहणीला मीच गेले. या वेळी बोळातून कुणी पळत आलं नाही. पहिल्या घरात मी जमिनीवर बसले, दुसऱ्यात बसले. बायका उत्तरं देत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या दारातून मी काहीतरी काढून नेलं होतं, हे मला कळत होतं.

तिसऱ्या घरात मी नवा प्रश्न विचारला. त्या आईनं नुसतं खांबाकडे बोट केलं. मुलगी आता चांगली चालत होती, पट्टी पुरेल तिथपर्यंत. मी रकान्यात लिहिलं, 'कुणाजवळ नाही. बांधून.' गुण मनात मोजले. नऊ.

फॉर्म मिटला तोच दारात मुकादमीण उभी. दोन्ही हातांत खुर्ची.

"झालं का तुझं लिहून?"

"झालं."

"सगळं?"

"सगळं, मावशी."

तिनं खुर्ची खाली टेकवली, पदरानं खसाखसा पुसली.

"मग बस आता वर."