घराचं तोंड

मेंढी निजायच्या खोलीत शिरली आणि भिंत तोंडात धरून चघळू लागली.

बेलार्मिनोनं माते नावाच्या कडू चहाच्या पोकळ भोपळ्यात गरम पाणी ओतलं आणि ते काठाशी आलं का हे कळावं म्हणून आत बोट घातलं.

कॅटलॉगच्या गुळगुळीत पानावर एक सोनेरी केसांची बाई बेसिनपाशी हसत उभी होती. तिच्या घरात चूल नव्हती.

टेकडी. बटाट्याचं वावर. कुंपणाचा खांब, त्यावर उलटा घातलेला लाल गमबूट. बेसिनच्या खिडकीत पुन्हा टेकडी.

"पुढच्या उन्हाळ्यात फिरवू," बेलार्मिनो कधीकाळी म्हणाला होता.

"अगं, भिंत खातेय ती!" बेलार्मिनोची बायको नोल्फा ओरडली.

हावियेरा हातातला टेप टाकून धावली. ही पोरगी वाल्दिव्हिया शहराहून आलेली आर्किटेक्ट. जुन्या घराशेजारच्या कुरणात तिनं सकाळपासून खुंट्या ठोकून पिवळी दोरी ताणली होती. ही निजायची खोली, ही बैठक, हे स्वयंपाकघर. जमिनीपासून वीतभर उंचीचं घर. मेंढीनं दोरी सोडली आणि भिंतीवरून उडी मारून निघून गेली.

"कागदावर सगळीच घरं ऐसपैस असतात, मावशी," हावियेरा तुटलेल्या दोरीला गाठ मारत म्हणाली. "कारखान्यात पॅनेल कापायच्या आधी एकदा इथं राहून बघायचं."

म्हणून नोल्फा मातेचं तबक घेऊन निघाली ती दोरीच्या दारापाशी थांबली. लेमुय बेटावर हाक मारल्याशिवाय कुणी कुणाच्या घरात शिरत नाही.

"आहे का कुणी?"

"या, या! बसा," हावियेरा आतून म्हणाली.

मागून सेपुल्वेदा आला. तयार घरं विकणाऱ्या कंपनीचा माणूस, सकाळच्या फेरीबोटीनं आलेला. कॅटलॉग काखेत धरून तो सरळ दोरी ओलांडून स्वयंपाकघरात आला.

"भिंतीतून येतोस? भूतबित आहेस का रे?" नोल्फा म्हणाली. "आणि चुलीला खेटून उभा आहेस. भाजशील."

सेपुल्वेदानं खाली पाहिलं, हसला, उलटा बाहेर गेला आणि दारातून पुन्हा आत आला. त्याला पहिला माते मिळाला.

घर सगळ्यांचं होणार होतं. मुलगी मारित्सा दूर दक्षिणेतल्या पुंता आरेनास शहरातली नोकरी सोडून नवऱ्या-मुलांसह कायमची परत येत होती. जुन्या घराचे खालचे वासे कुजले होते, भिंतींवरची लाकडी कौलं हिवाळ्यागणिक गळत होती. नवं बांधायचं याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भांडण होतं ते कसं बांधायचं यावर.

"भिंत नकोच मधे," मारित्सा दोरीच्या बैठकीत हात पसरून फिरत म्हणाली. "सगळं मोकळं. चूल त्या टोकाला, आणि इथं मधोमध ओटा."

"शहरात त्याला बेट म्हणतात," सेपुल्वेदानं माहिती पुरवली.

"बेटावर राहतोय तेवढं पुरे झालं," बेलार्मिनो म्हणाला.

तो उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला होता. तीच चूल होती.

"मग तुम्हाला काय हवंय, बाबा?"

"चूल दारातून आल्यावर उजव्या हाताला. तिच्यापुढे बाक. बाकाच्या टोकाला बेसिन. निजायची खोली डावीकडं."

"म्हणजे जुनं घर!"

"जुनं घर."

"मग नवं कशाला बांधतोय आपण? रंग द्यायचा आणि मोकळं व्हायचं!"

बेलार्मिनोनं शेवटचा घोट ओढला. रिकामा भोपळा बायकोला परत द्यायला त्यानं हात पुढं केला. हात जिकडं गेला तिकडं सेपुल्वेदा होता. नोल्फानं एक पाऊल पुढं येऊन मधेच भोपळा घेतला, जणू तिला घाईच होती.

बेलार्मिनोची नजर जात चालली होती. कास्त्रो शहरातल्या डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की जे गेलं ते परत येणार नाही आणि उरलेलंही फार दिवस टिकणार नाही. त्यानं घरी येऊन सांगितलं, थेंब घालायला दिलेत. पण दवाखान्यातली नर्स नोल्फाच्या मावसबहिणीची सून. थेंबांची बाटली घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नोल्फानं ते त्याला कळू दिलं नाही. फक्त बाहेरच्या खुर्च्या जिथल्या तिथं राहू लागल्या, आणि कुत्र्याच्या गळ्यात घंटा आली.

"कुत्र्याला घंटा?" त्यानं विचारलं होतं.

"कोंबड्यांना कळायला," ती म्हणाली होती.

जुन्या घरात तो असा वावरे की परक्याला शंकाही येऊ नये. चुलीची लोखंडी दांडी, बाकाची कड, बेसिन. हात आपोआप पुढच्या वस्तूवर पडायचा.

त्यामुळं आता गोची नोल्फाची झाली होती. कारण पहिल्याच दिवशी हावियेरानं तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, मावशी, तुम्हाला या घरात काय पाहिजे? आणि नोल्फानं एका दमात सांगून टाकलं होतं, "बेसिनपाशी समुद्राची खिडकी. बाकी घर तुम्ही उलटं टांगलंत तरी चालेल."

"पाया मात्र काँक्रीटचा घ्या, काका," सेपुल्वेदा म्हणाला. "घर तसूभर हलणार नाही."

"मग नको. लाकडी खुंटांवर ठेवा."

"अहो, पण कुठल्या घराला हलायचं असतं?"

"आमच्या," बेलार्मिनो म्हणाला.

मारित्सानं कपाळाला हात लावला. "झालं. आता आई सुरू होणार."

नोल्फा सुरू झालीच. ही गोष्ट सांगायची संधी तिनं आजवर सोडली नव्हती.

"हे आमचं घर खाली किनाऱ्यावर होतं, सेपुल्वेदा. समुद्र दरसाल अंगण खायचा. मग आम्ही मिंगा बोलावली, म्हणजे जेवणाच्या बदल्यात गावाची मदत. अख्खा गाव आला. घराखाली ओंडके घातले, बैलजोड्या जुंपल्या आणि घर ओढत ओढत वर आणलं. आतले लेसचे पडदेसुद्धा मी काढले नव्हते. पण चढावर ते वळलं. बेसिनची बाजू टेकडीकडं झाली. एक ओढ बाकी होती. एक! एवढी मारली असती तर फिरलं असतं. आणि या माणसानं बैल सोडले. म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यात फिरवू."

"आणि?"

"आणि काय? तेव्हापासून भांडी घासताना टेकडी बघतेय. तिथल्या प्रत्येक बटाट्याला नावानं ओळखते."

सगळे हसले. बेलार्मिनोही हसला. "चुकलंच माझं," तो म्हणाला. ही गोष्ट निघाली की तो दर वेळी एवढंच म्हणायचा.

ठरलं असं की हावियेरा दोन दिवसांत शेवटचा नकाशा सेपुल्वेदाच्या हाती देणार. एकदा पॅनेल कापली की खिडकी इकडची तिकडं होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोल्फा मिल्काओच्या भाकऱ्यांसाठी बटाटे किसत बेसिनपाशी उभी होती. समोर टेकडी, वावर, लाल गमबूट. मागच्या दाराकडून कुत्र्याची घंटा ऐकू आली, मग थांबली. ती हात पुसत दाराशी गेली.

बेलार्मिनो दोरीच्या घरात होता. एकटाच. दारातून आत आला, उजवीकडं वळला. मारित्साच्या नकाशात तिथं काही नव्हतं. त्याचा हात हवेत दांडी शोधत राहिला. मग तो पुढं गेला, दोरी पायात आली, खुंटी उपटली आणि तो गुडघ्यावर पडला. पडल्यावर त्यानं आधी जुन्या घराकडं मान वळवली. कुणी पाहिलं का?

नोल्फा दाराआड सरकली. तिच्या मुठीतून किसाचं पाणी मनगटावर ओघळत होतं. पुन्हा डोकावली तेव्हा तो दोरी मुठीत धरून, वाकून, भिंतीच्या कडेनं चालत होता. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. कुत्रा मागोमाग.

किसलेले बटाटे तसेच सोडून ती निघाली. मिल्काओ काळे पडले त्या दिवशी, आणि मारित्सानं ते तसेच खाल्ले.

हावियेरा शाळेच्या बाईंकडं उतरली होती. तिथपर्यंतच्या चढात नोल्फानं वाक्य तयार केलं, मोडलं, पुन्हा तयार केलं. शेवटी दारात उभं राहून हाक न मारताच म्हणाली,

"खिडकी नको."

"आत तरी या, मावशी."

"नाही, ऐकून घे. चूल उजवीकडं, बाक, बेसिन. तो म्हणतो तसं. खिडकीत टेकडी राहिली तरी चालेल. टेकडीची सवय झालीय मला. समुद्र काय, ओलाच असतो."

हावियेरानं पेन्सिल खाली ठेवली.

"आणि मारित्साला सांगू नकोस की मी म्हटलं म्हणून. तिला वाटेल मी त्याच्यापुढं मान तुकवली."

"काका काल संध्याकाळीच येऊन गेले," हावियेरा म्हणाली.

"कशाला?"

हावियेरानं टेबलावरचा नकाशा तिच्यासमोर धरला. नोल्फानं तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत दिला. "मला यातलं काही कळत नाही, पोरी. ह्या मुंग्या आहेत सगळ्या."

"मग चला."

कुरणात पोचल्यावर हावियेरानं खुंट्या उपटायला सुरुवात केली. नोल्फा कुंपणाला टेकून उभी होती. पिवळी दोरी गवतावर मोकळी पडली, पुन्हा ताणली गेली. बैठक गेली, मधला ओटा गेला. मारित्साच्या खोल्या माडीवर सरकल्या, म्हणजे हावियेरानं हात वर करून आभाळाकडं बोट दाखवलं. बादली उचलून तिनं दुसरीकडं ठेवली. त्यापुढं एक फळी आडवी टाकली.

"या आता. दारातून."

दार टेकडीच्या बाजूला होतं. नोल्फानं सवयीनं उंबऱ्यावर पाय झाडले. उजव्या हाताला चूल. चुलीपुढं बाक. बाकाच्या टोकाला बेसिन, तिथं हावियेरानं एक दगड ठेवला होता. डोळे मिटूनही चालता आलं असतं. हे तिचंच घर होतं, पावलापावलानं तिचंच.

दगडापाशी पोचून तिनं मान वर केली.

समोर समुद्र होता. आखाताचं पाणी, त्यात शिंपल्यांच्या शेतीचे काळे तरंगते ओंडके, पलीकडं ढगात अर्धा बुडालेला कॉर्कोवादोचा पहाड.

"काका म्हणाले, घर आहे तसंच ठेव," हावियेरा म्हणाली. "फक्त त्याचं तोंड फिरव."

नोल्फानं कोरड्या दगडावर हात ठेवला.

"मग आज सकाळी तो इथं काय करत होता? पडला तो. तुझ्या जुन्या दोरीत."

"आतलं तर त्यांना पाठ आहे, मावशी. बाहेरचं शिकतायत. दार उलटीकडं गेलं की गोठा डाव्या हाताचा उजव्या हाताला येणार, विहीर मागं जाणार. दोरी अजून हलवलेली नाही हे मी त्यांना सांगायला विसरले. चूक माझी."

"त्यानं सांगितलं तुला? डोळ्यांचं?"

"नाही. माझं मला कळलं. ते एवढंच म्हणाले, बायकोला सांगू नकोस, तिला वाटेल मी न भांडता समुद्र फुकटात देतोय."

नोल्फाला हसू आलं आणि ते नीट बाहेर पडेना. तिनं एप्रनचं टोक ओढून नाक पुसलं.

संध्याकाळी ती मातेचं तबक घेऊन आली तेव्हा बेलार्मिनो फळीवर बसला होता. ऊन टेकडीकडून त्याच्या पाठीवर पडलं होतं. ती दोरीच्या दाराशी थांबली.

"आहे का कुणी?"

"कोणी नाही. एक म्हातारा आहे."

"चालेल. तोंड उघडून माते पिता येतो ना त्याला?"

ती शेजारी बसली. या वेळी पाणी तिनंच ओतलं आणि भोपळा त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं वरून मिटवली. त्यानं हात काढून घेतला नाही. सेपुल्वेदा कुरणाच्या टोकाला फोनवर कुणालातरी समजावत होता की नाही, खरंच लाकडी खुंट, हो, ग्राहकाची तशीच इच्छा आहे.

"नोल्फा."

"काय?"

"काय दिसतंय?"

त्यानं हे याआधी कधी विचारलं नव्हतं. तिनं पाण्याकडं पाहिलं.

"एक नाव आहे. निळी. बहुतेक चिग्वायांच्या थोरल्याची, कारण तिरकी चाललीय."

"तोच असणार. आणि पहाड?"

"टोपी घालून बसलाय. तू घालत नाहीस तशी."

"आणि?"

"आणि पाणी," ती म्हणाली. "थांब, सांगते."

घर वर ओढलं त्या फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, एक ओढ बाकी असताना बैल अजून जुंपलेलेच होते, आणि काहिलीपाशी उभी राहून "आता पुरे, सोडा ते बैल, मांस थंड होतंय" अशी चढावर हाक देणारी नोल्फा होती.