कोमट थापा

माझी बायको प्रेमाबाई वारल्यापासून मी रोज सकाळी, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत, मधल्या खोलीत जाऊन तिच्या थाप्यावर हात ठेवतो. बेंबळीचं हे घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला तिनं हळदीत हात बुडवून भिंतीवर उमटवला होता. पुढं घराला रंग दिला, पण तेवढी जागा तिनं सोडायला लावली.

यंदा थंडीत एके सकाळी तो थापा कोमट लागला.

मी शेजारच्या भिंतीला हात लावून पाहिला. गार. पुन्हा थाप्यावर ठेवला. बोटं गार आणि तळवा कोमट.

मेहुणी गजराबाई वाशीहून आली होती. तिला हात लावायला सांगितलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला.

"दाजी, अक्का हाय तिथं."

"असंल. पण मग दुपारी गार का असतो?"

"दुपारी झोपत असंल."

"जिवंतपणी कधी झोपली का ती दुपारी?"

 त्या भिंतीवर ऊन येत नाही. पलीकडं न्हाणी आहे, पण गरम पाण्याचा नळ समोरच्या भिंतीला. मग एकदा पहाटेच लाईट गेली, आणि त्या सकाळी थापा गार होता. दुसऱ्या दिवशी लाईट होती, पण मी मुद्दाम गिझर लावला नाही. तरी गार. मग गिझर लावून हात ठेवून उभा राहिलो. तळवा हळूहळू कोमट झाला.

गिझर नवा आहे. आई गेल्यावर मला चूल पेटवावी लागू नये म्हणून आमच्या मुलानं, भागवतनं, पुण्याहून येऊन बसवून दिला.

तुळजापूरच्या लॉजांची वायरिंग करणारा शंभुलिंग आमच्याच गल्लीतला. त्याला बोलावलं. थाप्याला हात लावून तो माझ्याकडं वळला.

"काका, हात कधी लावता? अंघोळीआधी का नंतर?"

"आधी."

"म्हणून बोलताय माझ्याशी. ओल्या अंगानं लावू नगा."

त्यानं मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि खडू मागितला.

"भिंतीतली वायर सरळ वर जाती न्हायतर सरळ आडवी. तिरपी टाकायची नसती. म्हणून बोर्डाच्या वर आन् बाजूला सरळ रेषेत खिळा ठोकायचा नसतो." बोलत बोलत त्यानं बोर्डापासून वर उभी रेघ ओढली. मग न्हाणीतल्या गिझरच्या पॉइंटची उंची मोजून इकडून आडवी रेघ ओढली. दोन्ही रेघा थाप्याच्या तळव्यात भेटल्या.

"इथं जोड हाय. जोड असला की पेटी पायजे, आन् पेटीचं झाकण उघडता आलं पायजे. झाकण कुठाय?"

मला आठवेना. गजराबाई म्हणाली, "गोल होतं की पांढरं. देवाजवळ तेवढीच जागा, आन् तिथंच ते झाकण. अक्का म्हणली, प्लास्टिकवर थापा उठंल का? मग गवंड्यानं वरून गिलावा मारून दिला."

शंभुलिंग हसला. "मावशी, तुमच्या अक्कानं पेटीला देवघरात घेतलं."

"हसू नगंस. आन् थापा फोडायचा न्हाय. सांगून ठेवते."

मी म्हणालो, "गिझर बंद ठेवतो. पाणी चुलीवर तापवीन."

"निम्म्या घराची लाईन हितूनच जाती, काका. जोड ढिला झालाय. आज गिझरनं तापतोय, उद्या इस्त्रीनं तापंल."

"मग एमसीबी का पडली नाही?"

"ती करंट जादा झाला तर पडती. हितं करंट तेवढाच हाय, जोडच तापतोय. तिला कळत न्हाय."

ही गोष्ट मला नवी होती. तारा आत तापत होत्या आणि ते घरात फक्त माझ्या हाताला कळत होतं.

गजराबाई थाप्यासमोर जाऊन उभी राहिली. "दाजी, अक्काचं आता एवढंच ऱ्हायलंय."

"व्हय," मी म्हणालो. "पण घरबी तिचंच हाय." आणि शंभुलिंगकडून छिन्नी मागून घेतली.

फक्त तळव्याचा गिलावा काढायचा ठरवलं. हलक्या हातानं ठोकत गेलो. करंगळीकडं एकदा भेग धावली, तेव्हा थांबलो. मग बाजूनं ठोकलं. खालचं झाकण तपकिरी पडलं होतं. शंभुलिंगनं ते उचकटलं. आत जोडाला गुंडाळलेली टेप वितळून काळा गोळा झाला होता. वायरीवरचं प्लास्टिक त्यानं नखानं दाबलं, तर त्याचा चुरा पडला.

"अगं बाई," गजराबाई म्हणाली आणि बाजूला झाली.

शंभुलिंगनं करपलेल्या वायरी बदलल्या, जोड कनेक्टरमध्ये घट्ट आवळले. गिझरला बोर्डापासून जाड वायरीची वेगळी लाईन टाकली, तिला अर्थिंग आणि वेगळी एमसीबी दिली. नवं झाकण स्क्रूनं बसवलं.

"आता याच्यावर रंगबी लावू नगा, कॅलेंडरबी नगं."

गजराबाईनं खाली पडलेले गिलाव्याचे पिवळे तुकडे वेचून पदरात घेतले आणि देवघरातल्या डबीत ठेवले. भिंतीवर आता गोल पांढरं झाकण आहे, आणि त्याच्या वर हळदीची पाच बोटं.

सकाळी गिझर लावला आणि झाकणावर तळवा ठेवला. माझी बोटं तिच्या बोटांवर आली. पाणी तापेपर्यंत तसाच उभा राहिलो.

भिंत गार होती. मग मी अंघोळीला गेलो.