लाल तेलाचा गिअरबॉक्स

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. अंग काळवंडलेलं आहे, पोटावर वेल्डिंगचा जाडजूड व्रण आहे, पण मी साधासुधा गिअरबॉक्स नाही. मी ऑटोमॅटिक आहे! माझ्या गाडीला क्लच नसतो, म्हणजे डाव्या पायाला कामच नसतं. चालवणाऱ्यानं दांडा 'डी'वर ओढायचा. कोणता गिअर कधी टाकायचा ते माझं मी बघतो. माझ्या पोटात पातळ, लालभडक तेल असतं आणि त्याच्याच दाबावर माझा सगळा कारभार चालतो.

माझं आयुष्य मारझोडीतच गेलं. वितळलेला धातू म्हणून साच्यात ओतलं, थंड झालो न झालो तोच अंगभर भोकं पाडली. मग एका दणकट गाडीत बसलो. चारच गिअर, पण काय ताकद होती! मालक आल्यागेल्याला माझं कौतुक सांगायचा. त्याच मालकानं एका दुपारी हायवेवर उभ्या ट्रकमध्ये गाडी घातली. काचा फुटल्या, पत्र्याचा चोळामोळा झाला, स्टिअरिंग त्याच्या छातीत घुसलं. तो बिचारा तिथंच गेला. मला गॅसकटरनं कापून बाहेर काढलं आणि वरठीला गुलाबभाऊंच्या भंगारात आणून आपटलं. तिथं एका मेल्यानं मला ऐरण समजून माझ्यावर पट्ट्या ठोकल्या. माझा नुसता संताप व्हायचा, पण सांगणार कोणाला?

मग एक दिवस कुबडी टेकत जीवन आला. तो आंबागडचा. तो आणि त्याचा थोरला भाऊ कैलाश जुन्या जीपनं धानाच्या बांधीत, म्हणजे चिखलाच्या शेतात, फसलेले ट्रॅक्टर ओढून काढायचे. मागच्या पावसाळ्यात जंगलातल्या चढावर जीप अडली. कैलाश चालवत होता आणि जीवन मागच्या चाकाला दगड लावायला उतरला होता. कैलाशच्या हातून गिअर सुटला, जीप मागं आली, आणि जीवनचा डावा पाय चाक आणि दगड यांच्यामध्ये चिरडला. गुडघ्याखालून कापावा लागला. तरी पठ्ठ्यानं हार मानली नाही. त्यानं जीपमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवलं. आता त्याला क्लच नसलेला गिअरबॉक्स हवा होता, म्हणजे पुन्हा स्वतः चालवता येईल.

"हा घेऊन जा ना भाऊ," गुलाबभाऊ माझ्या शेजारच्या चकचकीत डब्यावर थाप मारून म्हणाले. "सहा गिअरचा हाय. कंप्यूटरवर चालते."

"आन नाल्यात कंप्यूटर भिजला म्हंजे? मंग गाडी जागची हालतच नाही," जीवन म्हणाला. त्यानं टेप लावला. "लांब कितीक हाय पाहा! माही जीप आखूड. याच्या मांगं चारी चाकाले जोर देनारा फोर-व्हीलचा डब्बा लावला त चाकाकडे जानाऱ्या शाफ्टले जागाच उरत नाही." मग तो माझ्याजवळ बसला, हातानं माती झाडली, बोल्टची भोकं मोजली. "हा बसते माह्या इंजिनले. तार ओढली का गिअर पडते, कंप्यूटरची कटकटच नाही. हाच पाहिजे मले."

मित्रांनो, मी असा फुगलो म्हणून सांगू! कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला भंगार न म्हणता हात लावला होता.

पण घरी कैलाश पेटलेला होता. भावाचा पाय आपल्या हातून गेला, आता जीवही जाईल, या भीतीनं त्याला झोप नव्हती. आणि त्याची भीती बाहेर पडायची ती फक्त शिव्या होऊन. जीवन अंगणात बसून माझ्यात तेल भरत होता, तेव्हा तो तरातरा आला.

"तू गाडी चालवत नाही म्हंजे नाही! एक पाय गेला, आता जीव घालवतं का?"

"पाय तूनंच नेला," जीवन म्हणाला. "आता गाडीबी तूच नेतं का?"

झालं! कैलाशनं लाथ घातली, तेलाचा डबा उडाला. जीवननं कुबडी त्याच्या नडगीवर हाणली. दोघं धुळीत लोळले. गुद्दे, चावे, नखं. जीवनचा ओठ फाटला, कैलाशच्या भुवईतून रक्त आलं. मग कैलाश उठला आणि त्यानं भिंतीजवळची सब्बल, ती जड लोखंडी पहार, उचलली.

ती सब्बल माझ्यावर उगारलेली नव्हती. ती जीवनच्या डोक्यावर येत होती. जीवन बाजूला लोळला, म्हणून ती माझ्या पोटात घुसली. लाल तेलाची चिळकांडी उडाली आणि जीवनचं तोंड, मान, छाती सगळं लाल झालं.

"मारला रे! माह्या पोराले मारला!" त्यांची आई पार्वताबाई दारातून किंचाळली.

कैलाशच्या हातून सब्बल गळली. तो भावाचं डोकं दोन्ही हातांनी चाचपू लागला. "कुठं लागलं? सांग ना बे, कुठं लागलं?"

जीवननं तोंडातलं थुंकलं. "तेल हाय बे. तेल."

कैलाश तिथंच बसून भडाभडा ओकला.

गावात बोभाटा झाला की कैलाशनं रागाच्या भरात गिअरबॉक्स फोडला. जीवनही सगळ्यांना हेच सांगायचा. सब्बल खरी कोणावर उगारली होती, ते दोघंही बोलत नव्हते. कैलाशनं मला मोटरसायकलला बांधून वरठीला नेलं, पोट सांधून आणलं आणि जीपमध्ये बसवलं.

आता सांधा पाझरतो का ते बघायचं होतं. त्यासाठी इंजिन चालू ठेवून माझा दांडा एकेका खुणेवरून फिरवावा लागतो. जीवन वर सीटवर बसला, ब्रेक दाबून. कैलाश जीपखाली शिरला, छाती मागच्या चाकाच्या अगदी पुढ्यात.

जीवननं दांडा 'आर'वर, म्हणजे मागं जायच्या खुणेवर, नेला, मग 'डी'वर आणला आणि तिथंच थांबला. मित्रांनो, 'डी'वर माझा जोर आपोआप चाकांवर जातो. गाडी पुढं जायलाच बघते. मध्ये होता फक्त ब्रेकवरचा जीवनचा उजवा पाय. मला खरंच धडकी भरली.

"कैलाश," तो म्हणाला, "थ्या दिवशी सब्बल कोनावर उचलली होती?"

कैलाशला बाहेर सरकता आलं असतं, पण तो हलला नाही.

"तुह्यावरच," तो म्हणाला.

पाय ब्रेकवरून किंचित उचलला गेला. चाक इंचभर फिरलं. कैलाशचा सदरा त्याखाली आला. मग जीवननं ब्रेक असा दाबला की अख्खी जीप हादरली, आणि दांडा 'पी'वर ढकलला. मी चाकांना घट्ट खुट्टी घातली.

"पाझरून राहिला का?" जीवननं विचारलं.

"नाही."

"मंग निघ भायेर. बस बाजूले. मी चालवतो."

मित्रांनो, माझं तेल वेळेवर बघत जा. ट्रॅक्टरचं काळं, जाड तेल माझ्यात ओतू नका, मी मरेन. आणि राग आला तर येऊ द्या, मलाही येतो. फक्त ब्रेकवरचा पाय काढू नका. चाकाखाली कोण झोपलंय, ते मला दिसत नाही. तुम्हाला दिसतं.